कूपन की व्हाउचर? पेठांमधून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या नारायण पेठेत बसून लहान दुकानदार, मेसवाले आणि गणेश मंडळांच्या हिशेबाच्या वह्या लिहून देणं हा आमचा धंदा. श्रावण लागला की फोन वाढतात: दुकानदाराला दिवाळीची कुपनं छापायची असतात, मंडळाच्या खजिनदाराला व्हाउचर बुक हवं असतं, आणि एखाद्या काकूंना भिशीत मिळालेला कागद दुकानदार घेत नाही म्हणून विचारायचं असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

दोन ओळींत सांगा. फरक काय?

व्हाउचरमागे कुणीतरी आधीच पैसे मोजलेले असतात. कुपनामागे कुणी काही भरलेलं नसतं. दुकानदाराने "आमच्याकडे या, एवढं कमी करू" असं म्हटलेलं असतं, आणि तेही त्याच्या अटींवर.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तो कागद हरवला तर कुणाचे पैसे बुडाले ते बघायचं. मावशींनी दिलेलं पुस्तकाच्या दुकानाचं ५०० रुपयांचं व्हाउचर हरवलं, तर मावशींचे ५०० रुपये गेले. पेपरमधून आलेलं "२० टक्के सूट" हे चिटोरं रद्दीत गेलं, तर कुणाचंच काही गेलं नाही.

कागदावर कोणता शब्द छापलाय त्यावर मात्र जाऊ नका. व्यवहारात आपण सगळ्यालाच कूपन म्हणतो, आणि दुकानदार सगळ्यालाच व्हाउचर म्हणायला लागलेत.

मग मेसचं कूपन हे कूपन की व्हाउचर?

नाव कूपन, पण काम व्हाउचरचं. सदाशिव पेठ, नवी पेठ, कर्वे रस्त्याच्या गल्ल्या इथे स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात, तिथल्या मेसमध्ये ही पद्धत पक्की रुजलेली आहे. समजा एका वेळच्या थाळीचे रोख १०० रुपये आहेत. तीस कुपनांचं बुक घेतलं तर २,७०० पडतात. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, मागे मेसचा शिक्का, कोपऱ्यात काकांची आडवी सही. जेवायला आलं की एक फाडून डब्यात टाकायचं. रविवारी फीस्ट असली की दोन.

पैसे आगाऊ दिलेत, म्हणून ते व्हाउचर. पण ते कशाचं व्हाउचर आहे, हे कुणी विचारत नाही आणि भांडण नेमकं तिथेच होतं. कुपनावर "एक थाळी" असं असेल, तर मधे थाळीचा भाव १२० झाला तरी तुम्हाला थाळीच मिळायला हवी. भाववाढ मेसवाल्याने सोसायची. कुपनावर "रु. ९०" असं असेल, तर वरचा फरक तुम्ही द्यायचा. पहिलं वस्तूचं व्हाउचर, दुसरं रकमेचं. मेसवाले बहुतेक वेळा दोन्ही लिहीत नाहीत, फक्त शिक्का मारतात. बुक घेतानाच पहिल्या पानावर "एक पूर्ण थाळी, अमुक तारखेपर्यंत" असं लिहून घ्या. काका कुरकुर करतील, पण लिहून देतात.

महिन्याचे पैसे भरण्याच्या पद्धतीत खाडा धरायचा की नाही यावरून वाद होतो. कुपनात खाड्याचा प्रश्न येत नाही, कारण आलात तरच कूपन जातं. म्हणून मेसवाला मुदत घालतो, साधारण दीड-दोन महिन्यांची. त्याचंही चूक नाही. तीस कुपनं मुलगा वर्षभर पुरवून वापरणार असेल, तर रोज किती पोळ्या लाटायच्या याचा अंदाज त्याने बांधायचा कसा? पण दिवाळीत मेस स्वतःच दहा दिवस बंद असेल, तर ते दिवस मुदतीत धरू नयेत, आणि हेही आधी बोलून घ्यावं.

मंडळाच्या हिशेबात व्हाउचर म्हणतात, ते हेच का?

नाही. तिथे हा शब्द अगदी वेगळ्या अर्थाने येतो, आणि नव्या खजिनदाराचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो.

मंडळाकडे तीन प्रकारचे कागद असतात. वर्गणी आली की पावती फाडतात, तिची स्थळप्रत पुस्तकात राहते. पैसे बाहेर गेले की व्हाउचर फाडतात. आणि महाप्रसादाच्या दिवशी वाटतात ती कुपनं. म्हणजे हिशेबाच्या वहीत व्हाउचर हा खर्चाचा पुरावा आहे. त्यावर दुकानात काही मिळत नाही.

नीट भरलेल्या व्हाउचरवर क्रमांक असतो, तारीख असते, कोणाला दिले ते नाव, कशाबद्दल दिले, रक्कम अंकी आणि अक्षरी, कोणत्या खात्यावर टाकायची, घेणाऱ्याची सही आणि मंजूर करणाऱ्याची सही. बिल असेल तर मागे टाचणी लावून जोडायचं. मांडववाला बिल देतो, लायटिंगवाला देतो. मूर्ती आणायला बोलावलेला हातगाडीवाला बिल कुठून देणार? त्याच्याकडून व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्यायचा, तोच पुरावा. रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावरून आडवी सही घ्यायची. विसर्जनानंतर सगळी व्हाउचरं एकाच बैठकीत, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेली असली की ऑडिटर चष्मा काढून पुसायला लागतो.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना पेमेंट व्हाउचर, रिसीट व्हाउचर, जर्नल व्हाउचर, काँट्रा व्हाउचर हे शब्द रोजचे आहेत. तिथे प्रत्येक नोंदीलाच व्हाउचर म्हणतात, पैसे आलेले असोत की गेलेले.

महाप्रसादाचं फुकट कूपन या कशातच बसत नाही. किती पानं मांडायची ते कळावं म्हणून ते वाटलेलं असतं.

कायद्यात व्याख्या आहे का?

व्हाउचरची आहे. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २ मधल्या ११८ व्या उपकलमात ती सापडते. सोप्या भाषेत सांगायचं तर, वस्तू किंवा सेवेचा पूर्ण किंवा अर्धामुर्धा मोबदला म्हणून जे स्वीकारण्याचं बंधन आहे, आणि काय मिळणार किंवा कोण देणार हे ज्यावर किंवा ज्याच्या कागदपत्रांत नमूद आहे, ते व्हाउचर. मग ते कागदी असो की मोबाइलवरचं.

यातला महत्त्वाचा शब्द बंधन. व्हाउचर घेतलेल्या गिऱ्हाइकाला "आज नको, उद्या या" म्हणता येतं, पण "घेणारच नाही" म्हणता येत नाही. कुपनाच्या बाबतीत दुकानदार आधीच सांगून ठेवतो की शनिवार-रविवार चालणार नाही, सेलच्या मालावर चालणार नाही, दुसऱ्या ऑफरबरोबर चालणार नाही. कुपनाची मागची बाजू म्हणजे पुणेरी पाटीच असते: काय मिळणार नाही हे आधी, सविस्तर आणि न लाजता.

बिलात किती फरक पडतो?

पडतो, थोडा का होईना. हॉटेलचं बिल १,००० रुपये झालं आणि जीएसटी ५ टक्के आहे असं धरू.

तुमच्याकडे २०० रुपयांचं सवलतीचं कूपन आहे. हॉटेल बिलातच २०० वजा करून दाखवतं, करपात्र रक्कम ८०० होते, कर ४० रुपये. तुम्ही ८४० देता.

आता २०० रुपयांचं व्हाउचर आहे असं धरा. जेवणाची किंमत १,००० च राहते, कर ५०, एकूण १,०५०. त्यातले २०० व्हाउचरने फिटले, उरलेले ८५० तुम्ही द्यायचे. व्हाउचर म्हणजे पैसे देण्याचा एक प्रकार आहे, त्याने किंमत कमी होत नाही. कुपनाने किंमतच उतरते. बिल करणाऱ्या पोराने व्हाउचर "डिस्काउंट" या रकान्यात टाकलं, तर कर कमी भरला जातो आणि ते निस्तरायचं काम शेवटी आमच्याकडे येतं.

आम्ही दुकानाची व्हाउचरं विकली. विकतानाच जीएसटी भरायचा का?

यावर बरीच वर्षं वाद चालला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली, आणि त्यानंतर ३१ डिसेंबरला निघालेल्या परिपत्रकाने चित्र स्पष्ट केलं: निव्वळ व्हाउचरची देवाणघेवाण हा वस्तूचाही पुरवठा नाही आणि सेवेचाही नाही. कर लागतो तो व्हाउचर देऊन गिऱ्हाईक माल नेतं त्या मालावर. जी व्हाउचरं वापरलीच गेली नाहीत आणि मुदत संपून दुकानाकडेच राहिली, त्या रकमेवरही जीएसटी लागत नाही. मात्र दुसऱ्याची व्हाउचरं कमिशनवर विकत असाल, तर त्या कमिशनवर लागतो. आणि न वापरलेली रक्कम आयकराच्या हिशेबात घ्यावी लागते, ती हवेत जात नाही.

व्हाउचरला मुदत किती असते?

कुणी काढलंय त्यावर आहे. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेलं, अनेक ठिकाणी चालणारं गिफ्ट कार्ड असेल, तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतं. २०२१ च्या निर्देशांनुसार अशा कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये भरता येतात, पुन्हा रक्कम टाकता येत नाही, रोख काढता येत नाही आणि मुदत किमान एक वर्ष असावी लागते.

एखाद्या साडीच्या दुकानाने फक्त आपल्याच दुकानासाठी काढलेलं व्हाउचर त्या परवान्याच्या चौकटीत येत नाही. तिथे मुदत दुकानदार ठरवतो. आमचा आग्रह असतो की निदान वर्षभराची द्या. पैसे आधीच गल्ल्यात आलेत, मग सहा महिन्यांत मुदत संपवून गिऱ्हाइकाचे शिव्याशाप कशाला घ्यायचे? कुपनाला मात्र आठ दिवसांची मुदत ठेवली तरी कुणाची हरकत नसावी.

उरलेली रक्कम रोख मिळते का? आणि माल परत केला तर?

रोख बहुतेक मिळत नाही. १,००० च्या व्हाउचरवर ८२० ची खरेदी केली तर उरलेले १८० त्याच व्हाउचरवर शिल्लक राहतात की बुडतात, हे घेतानाच विचारा. मोबाइलवरच्या व्हाउचरमध्ये सहसा शिल्लक राहते. कागदीला "एका वेळीच वापरावे" अशी अट असू शकते.

माल परत केला तर व्हाउचरची रक्कम व्हाउचरच्याच रूपात परत येते. कूपन वापरून १,००० चा शर्ट ८०० ला घेतला असेल तर ८०० च परत मिळतील. कूपन पुन्हा मिळेल अशी आशा धरू नका.

सोडेक्सोला सगळे कूपन म्हणायचे. ते काय होतं?

व्हाउचर. कंपनी पगाराचा भाग म्हणून त्याचे पैसे भरायची, आणि ते फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी चालावं अशी अट होती. प्रत्यक्षात हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या नोकरदार मंडळींनी त्या कागदांवर वाणसामानापासून साबणापर्यंत काय काय आणलं, ते जाऊ दे. कोपऱ्यावरचा वाणी ते सुट्या पैशांसारखं परत द्यायचा, इतकं ते मुरलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने कागदी व्हाउचर बंद करायला लावली आणि सगळं कार्डावर गेलं. तो धंदा आता प्लक्सी या नावाने चालतो, पण ऑफिसात शब्द अजून सोडेक्सोच.

ई-रुपी हे काय प्रकरण आहे?

सरकारी किंवा संस्थेच्या मदतीचं डिजिटल व्हाउचर. २ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तयार केलं. ठरावीक माणसाच्या मोबाइलवर क्यूआर किंवा एसएमएस येतो आणि तो ठरावीक कामासाठीच चालतो, उदाहरणार्थ लस किंवा औषध. लाभार्थ्याकडे बँक खातं किंवा ॲप नसलं तरी चालतं. पैसे कुणीतरी आधी भरलेले, वापर बांधलेला, म्हणून व्हाउचर हे नाव इथे तंतोतंत बसतं.

"अभिनंदन! तुम्हाला २,००० रुपयांचं व्हाउचर मिळालं आहे." खरंच मिळालं का?

खाली बारीक अक्षरांत "किमान खरेदी ९,९९९" असं दिसलं, की समजा ते कूपन आहे. व्हाउचर म्हटलं की हातात पैसे आल्यासारखं वाटतं, म्हणून तो शब्द वापरतात. ९,९९९ च्या खरेदीवर २,००० कमी म्हणजे साधारण २० टक्के सूट, बस्स. तीच "२० टक्के सूट" अशी छापली असती तर आपण पान उलटून टाकलं असतं.

त्यावर "फक्त ९ मिनिटं उरली" असं उलटं घड्याळ चालू असतं. ते खोटं असेल, म्हणजे वेळ संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून चालू होत असेल, तर नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही खोटी घाई ठरते आणि तिची तक्रार करता येते.

व्हाउचर "मिळवण्यासाठी" कुणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर तिथेच थांबा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून "मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठव" असा मेसेज आला, तर आधी साहेबांच्या खऱ्या नंबरवर फोन लावा. गिफ्ट कार्डाचा नंबर ज्याच्याकडे, पैसे त्याचे. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

लक्ष्मी रोडच्या सराफांची कुपनं घ्यावीत का?

"घडणावळीवर ५० टक्के सूट" हे कूपन आहे, घ्यायला हरकत नाही. सूट घडणावळीवर आहे, सोन्यावर नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि मूळ घडणावळ किती लावतात ते दोन दुकानांत विचारून या, कारण वाढवून कमी करणं ही कला जुनी आहे.

दरमहा हप्ता भरायच्या योजनेचं पासबुक हा वेगळा विषय. तिथे तुम्ही खरोखर पैसे भरताय. या योजना अकरा महिन्यांच्या आसपास का असतात, असं पुष्कळ जण विचारतात. कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती केली तर ती ठेव मानली जात नाही, असा २०१४ च्या नियमांतला हिशेब त्यामागे आहे. वर्षापेक्षा लांबलेली योजना दिसली, तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न जास्त विचारा.

लकी ड्रॉचं कूपन?

नशिबाचा कागद. स्कूटर लागली तर तिच्या किमतीवर ३० टक्के आयकर आहे, हे बक्षीस घेताना कळलं की आनंद जरा कमी होतो.

पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या बसच्या, पासाला काय म्हणायचं?

पास.

बाँडचं कूपन हे आणखी काय?

व्याज. पूर्वी कर्जरोख्याला खाली छोटे तुकडे जोडलेले असत. ठरल्या तारखेला एक कापून दिला की व्याज मिळे. तुकडे गेले, नाव राहिलं. जवळचं उदाहरण घ्यायचं तर पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, त्यांचा कूपन दर ७.५९ टक्के होता. म्हणजे लाखाला वर्षाचे ७,५९० रुपये व्याज. पाणी चोवीस तास येतं का, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा.

आहेरात व्हाउचर दिलं तर बरं दिसतं का?

आता दिसतं. बारशाला एकाच मापाचे सात फ्रॉक येण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त दुकान घरापासून जवळचं निवडा. कोथरूडच्या माणसाला खराडीतल्या दुकानाचं व्हाउचर देणं म्हणजे त्याचा रविवार घालवणं. आणि कूपन मात्र कुणाला भेट म्हणून देऊ नका, त्यात समोरच्यालाच खर्च आहे.

दुकानदार व्हाउचर नाकारतोय. तक्रार कुठे करायची?

आधी लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालेल. व्हाउचरचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पैसे भरल्याचा पुरावा काढून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात सुरू केली. तिचे कार्यकर्ते अर्ज कसा लिहायचा ते सांगतात.

कुपनाची तक्रार टिकते ती जाहिरात फसवी असेल तर. अट छापलेली होती आणि तुम्ही वाचली नाही, एवढ्यावर काही होत नाही.

दुकानच बंद पडलं तर?

कूपन गेलं, विषय संपला. व्हाउचरचं तसं नाही, त्या रकमेपुरतं दुकान तुमचं देणं लागतं. मालक एकटा असेल तर त्याच्याकडे पैसे मागता येतात, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करता येतो. पण तारण घेऊन कर्ज देणारी बँक आणि कामगारांचे थकलेले पगार रांगेत तुमच्या पुढे असतात, आणि तुमच्यापर्यंत काही उरेलच असं नाही. म्हणून व्हाउचर कपाटातल्या साडीच्या घडीत जपून ठेवू नका. याच महिन्यात जाऊन वापरून या, आणि दुकान दुपारी एक ते चार बंद नाही ना, ते आधी फोन करून विचारा.